झोपेसाठी म्हणे ग्योकुरो!

"अगं, झोपेचा जपानी चहा घेतला आणि रात्रभर टक्क जागी." मावशीचा हा फोन सकाळी सहाला आला आणि जपानी चहाचा तो फिरता मेसेज शेवटी आमच्या घरापर्यंत पोचल्याचं कळलं. नात्यातल्या एका काकांनी तो ग्रुपवर टाकला होता. माझी चुलत बहीण तोक्योत नोकरीला आहे, तिने दिवाळीत आणलेला ग्योकुरोचा डबा मावशीकडे न फोडता पडून होता. मेसेज वाचून तो फोडला गेला.

ज्यांना अजून आला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी मेसेजचा सारांश असा. जपानी लोक कॉफी पीत नाहीत म्हणून शंभर वर्षं जगतात. सकाळी सेंचा घ्या, दिवसभर ऊर्जा. दुपारी माचा, महिन्यात पाच किलो कमी. रात्री झोपताना ग्योकुरो, कारण त्यातलं थिआनिन (चहाच्या पानातलं एक अमिनो आम्ल) कॅफीनला मारून टाकतं आणि गाढ झोप लागते. होजिचात कॅफीन शून्य, गरोदर बाईला आणि लहान मुलांनाही चालतो. झेन पंथाचे बौद्ध साधू मन शांत राहावं म्हणून माचा पितात. तीन महिने हे करा, बीपीच्या गोळ्या सुटतील. खाली हात जोडलेले आणि "दहा जणांना पाठवा".

रात्रीच्या ग्योकुरोपासूनच सुरुवात करते, कारण इतका उलटा सल्ला मी फार दिवसांत वाचला नव्हता.

सेंचा, ग्योकुरो, माचा, होजिचा हे सगळे जपानी ग्रीन टीचे प्रकार, वेगवेगळी झाडं नाहीत. चहाचं झाड एकच, फरक पडतो तो लागवडीत आणि पानावर पुढे काय करतात त्यात. सेंचाचं झाड उन्हात वाढतं. ग्योकुरोच्या मळ्यावर तोडणीआधी सुमारे तीन आठवडे जाळी किंवा गवताच्या चटया अंथरून सावली करतात. उन्हात पानातल्या थिआनिनपासून कॅटेचिन नावाचे तुरट घटक तयार होतात, सावलीत ते कमी होतं आणि थिआनिन पानात टिकून राहतं. म्हणून ग्योकुरोला ती दाट, गोडसर चव येते. थिआनिन पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं तेही 1949 साली, ग्योकुरोच्याच पानातून. म्हणजे ग्योकुरोत थिआनिन भरपूर असतं हे मेसेजवाल्याचं म्हणणं खरं आहे. एवढं मान्य करून टाकते.

पण सावलीतल्या त्याच कोवळ्या पानात कॅफीनही जास्त असतं, आणि ही गोष्ट मेसेजने गिळून टाकली आहे. जपानच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयाचे अन्नघटकांचे तक्ते आहेत, आपल्याकडे हैदराबादच्या पोषण संस्थेचे असतात तसे. त्यात तयार चहाच्या दर 100 मिलिलिटरमागे कॅफीन दिलंय: सेंचा 20 मिलिग्रॅम, होजिचा 20, बांचा आणि गेनमाइचा हे साधे चहा 10, कॉफी 60. आणि ग्योकुरो? 160. कॉफीच्या अडीचपटीहून जास्त! ज्या देशाच्या नावाने हा मेसेज फिरतोय, त्याच देशाचं सरकार हे सांगतंय.

आता या आकड्याचीही नीट फोड करायला हवी, नाहीतर मीही मेसेजवाल्यासारखीच. तक्त्यातला ग्योकुरो 10 ग्रॅम पानावर फक्त 60 मिलिलिटर, तेही 60 अंशांचं पाणी घालून अडीच मिनिटांत केलेला आहे. तो असाच पितात, इवल्याशा वाटीतून, दोन-चार घोट. कपभर कोणी पीत नाही. पण मेसेजमध्ये ना पाण्याचा उल्लेख ना मापाचा, आणि डब्यावरची सूचना जपानीत. मावशीने काय केलं? दोन चमचे शीग लावून पान, वर उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण. मग पोह्यांच्या वाटीएवढा मग भरून घेतला. तोंड वाकडं करून, पण औषध म्हणून सगळा संपवला. दोन चमचे म्हणजे पाच ग्रॅम तरी पान. त्याच तक्त्यात ग्योकुरोच्या कोरड्या पानात साडेतीन टक्के कॅफीन आहे, म्हणजे 175 मिलिग्रॅम. उकळत्या पाण्यात आणि दहा मिनिटांत त्यातलं बहुतेक उतरतंच. हिशोब केला तर बाईंनी रात्री साडेनऊला जवळजवळ दोन कप ड्रिप कॉफी घेतली! युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये म्हटलंय की झोपेच्या तोंडावर 100 मिलिग्रॅम कॅफीननेही काहींची झोप लांबते आणि कमी होते. शिवाय शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. रात्री अडीचला मावशी पंख्याकडे बघत पडली होती, त्यात तिच्या मनाचा काही दोष नव्हता.

"थिआनिन कॅफीनला मारतं" हे तर निव्वळ थाप. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं तशी पेंग येते. कॅफीन त्या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, म्हणून आपण जागे राहतो. थिआनिन त्याला तिथून उठवत नाही. दोन्ही मिळून घेतल्यावर लक्ष जरा बरं लागतं, असं काही छोट्या प्रयोगांत दिसलंय, आणि कॉफीने ज्यांचे हात थरथरतात त्यांना माचा सौम्य वाटतो हेही मी ऐकलंय. पण ती जागेपणीची शांतता झाली, झोप नव्हे. थिआनिनच्या प्रयोगांत बऱ्याचदा शुद्ध थिआनिन 200 मिलिग्रॅम देतात. पानात ते वजनाच्या एक-दोन टक्के. तीन ग्रॅम पानातलं सगळं उतरलं तरी 60 मिलिग्रॅमच्या वर जात नाही. चहातल्या थिआनिनने ताण कमी होतो, झोप सुधारते, या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, असं त्याच युरोपीय संस्थेने 2011 मध्ये सांगून टाकलंय.

झेन साधूंचा मुद्दा तर मेसेजवाल्याच्याच अंगाशी येतो. साधू चहा प्यायचे ते ध्यानाला बसल्यावर डुलकी लागू नये म्हणून! त्यांच्यातली आख्यायिकाच आहे की दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्माने ध्यानात झोप येते म्हणून स्वतःच्या पापण्या कापून फेकल्या आणि त्या पडल्या तिथे चहाचं झाड उगवलं. ज्या झाडाचा जन्मच झोप उडवण्यासाठी झाल्याचं सांगतात, ते आता झोपेचं औषध.

जपानी लोक कॉफी पीत नाहीत? जपान जगातल्या मोठ्या कॉफी आयातदारांपैकी एक आहे. डब्यातली दूध घातलेली कॉफी तिथे 1969 पासून विकली जातेय, आणि हिवाळ्यात रस्त्यावरच्या यंत्रातून ती गरमागरम बाहेर येते. पुढे बोलायची गरज नाही. हां, जपानच्या मियागी भागातल्या चाळीस हजारांवर लोकांच्या पाहणीत, जास्त ग्रीन टी पिणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी दिसले होते, 2006 मध्ये ते छापून आलं. पण ती पाहणी आहे, प्रयोग नव्हे. ती माणसं मासेही खातात.

महिन्यात पाच किलो? सोडा हो.

होजिचाकडे मात्र थांबायला हवं, कारण भाचसून पाच महिन्यांची गरोदर आहे आणि तीही याच ग्रुपवर आहे. होजिचा म्हणजे भाजलेला चहा, बऱ्याचदा जून पानांचा किंवा देठांचा, म्हणून कॅफीन कमी भरतं असं मानतात. शून्य नाही. वरच्या तक्त्यात होजिचा आणि सेंचा दोन्ही 20 वरच आहेत, बघा. गरोदरपणात दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगतात. तेव्हा एखादा कप होजिचा तिला चालेल, पण तो आपल्या दोन वेळच्या उकळलेल्या चहाबरोबर मोजायचा, शून्य समजून वर ओतायचा नाही. आणि जेवणाबरोबर तर नकोच. चहातले तुरट घटक भाजी-डाळीतलं लोह नीट शोषू देत नाहीत, आणि आपल्या देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा सरकारी पाहणीचा आकडा आहे. चहा आणि जेवण यांत तासभर जाऊ द्यावा. लहान मुलांना कशाला हवाय हा उद्योग?

कुठला घ्यायचा, असं कोणी विचारलंच तर माझं मत सांगते. तरतरी हवी तर सकाळी सेंचा, 70-80 अंशांच्या पाण्यात मिनिटभर. माचाची पूड पानासकट पोटात जाते, दोन ग्रॅममध्ये 64 मिलिग्रॅम कॅफीन, तोही दुपारी दोनच्या आतच. उन्हाळ्यात सेंचा गार पाण्यात टाकून फ्रीजमध्ये काही तास ठेवावा. गार पाण्यात कॅफीन कमी उतरतं, चव गोडसर येते. संध्याकाळी काहीतरी गरम हवंच असेल तर पातळ बांचा, नाहीतर भाजलेले तांदूळ घातलेला गेनमाइचा. आपल्याकडच्यांना त्याचा खमंग वास लगेच आवडतो. आणि रात्री झोपताना कुठलाच नाही.

राहिल्या बीपीच्या गोळ्या. जपानमध्येच झालेला, 2014 मध्ये छापून आलेला एक छोटा प्रयोग आहे: दहा निरोगी माणसांना दोन आठवडे रोज 700 मिलिलिटर ग्रीन टी पाजला, मग नॅडोलॉल नावाची बीपीची गोळी दिली. रक्तात उतरलेलं औषध सुमारे 85 टक्क्यांनी घटलं. सगळ्याच गोळ्यांचं असं होतं असं नाही, पण रोज भरपूर ग्रीन टी पिणाऱ्याने डॉक्टरांच्या कानावर घालावं. गोळ्या सोडण्याबद्दल तर बोलायलाच नको. मावशी गेली कित्येक वर्षं बीपीची गोळी घेते, आणि त्या रात्री मेसेजवर विसंबून तिने तीही घेतली नव्हती. काका, ग्रुपवरचा मेसेज आजच्या आज काढा, आणि ज्या दहा जणांना पाठवला त्यांना एकेक फोनही करा.