स्टीव्हन विल्सनची ती आठ वर्षं वाया गेलेली नाहीत

ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सनचा ‘द ओव्हरव्ह्यू’ हा अल्बम मार्च २०२५ मध्ये आला, तेव्हापासून प्रॉग रॉकच्या, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉक संगीताच्या, चाहत्यांमध्ये एक मत जोरात फिरतंय. २०१७ च्या ‘टू द बोन’पासून विल्सनने प्रॉग सोडलं, पॉप आणि इलेक्ट्रॉनिकच्या नादात आठ वर्षं घालवली आणि आता तो २०१३ च्या ‘द रेव्हन दॅट रिफ्यूज्ड टू सिंग’ या अल्बमच्या वाटेवर माघारी आला, असं ते मत. मला ते पटत नाही. त्यात मधल्या अल्बमांवर अन्याय आहेच, पण त्याहून मोठा अन्याय नव्या अल्बमवर आहे.

प्रॉग सोडलं म्हणतात, त्याचा पुरावा म्हणून ‘पर्मनेटिंग’ पुढे केलं जातं. ते साडेतीन मिनिटांचं उघड पॉप गाणं आहे, मान्य. पण त्याच ‘टू द बोन’वर नऊ मिनिटांचं ‘डेटोनेशन’ आहे. २०२३ च्या ‘द हार्मनी कोडेक्स’वरचं ‘इम्पॉसिबल टाइटरोप’ तर दहा मिनिटांच्या पुढे जातं.

नव्या अल्बममध्ये दोनच रचना आहेत, २३ मिनिटांची ‘ऑब्जेक्ट्स आउटलिव्ह अस’ आणि साडेअठरा मिनिटांची ‘द ओव्हरव्ह्यू’. एवढ्या लांबीवरून अनेकांनी निकाल देऊन टाकला. पण ‘रेव्हन’ची ओळख लांबी नव्हतीच. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत गथ्री गोवन, मार्को मिनेमन, निक बेग्ज, अॅडम होल्झमन, थिओ ट्रॅव्हिस असे वादक एकत्र वाजवत होते, ध्वनिमुद्रणाला अॅलन पार्सन्स होता. तो एका बँडचा अल्बम आहे, वादकांची एकमेकांशी झटापट त्यात ऐकू येते. ‘द ओव्हरव्ह्यू’ची घडण वेगळी आहे. रँडी मॅकस्टीनची गिटार अप्रतिम आहे, तरी इथे एकट्या माणसाने थरावर थर रचत नेलेलं संगीत ऐकू येतं. वादनाची रग हवी असेल तर मी आजही ‘रेव्हन’च लावेन.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. २०२१ च्या ‘द फ्यूचर बाइट्स’ला या मंडळींनी सगळ्यात जास्त झोडपलं. त्यातलं जवळजवळ दहा मिनिटांचं ‘पर्सनल शॉपर’ आठवा: इलेक्ट्रॉनिक ठेका चालू असतो आणि मध्येच एल्टन जॉन विकत घेण्याच्या वस्तूंची यादी वाचून दाखवतो. आता ‘द ओव्हरव्ह्यू’ रचनेची सुरुवात ऐका. पुन्हा इलेक्ट्रॉनिक ठेका, पुन्हा वाचून दाखवलेली यादी. या वेळी आवाज रोटेम विल्सनचा, त्याच्या पत्नीचा, आणि यादी आहे ग्रह-ताऱ्यांची, दहाच्या घातांनी वाढत जाणाऱ्या अंतरांची. युक्ती तीच, फक्त बाजारातून उचलून अवकाशात नेलेली. ज्या अल्बमला चूक ठरवलं, त्याच्याच पोटातून हा भाग जन्मला आहे.

आणि ही युक्ती २०२१ ची तरी कुठे? २०१६ च्या डिसेंबरात पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ या संगीत महोत्सवात ज्यांनी त्याला ऐकलं, त्यांच्या मनात ‘हँड. कॅनॉट. इरेज.’ या अल्बमचा विल्सन घर करून बसला असणार. त्याच अल्बमवर ‘परफेक्ट लाइफ’ आहे: इलेक्ट्रॉनिक ठेका आणि त्यावर एका बाईचं संथ निवेदन. त्याही मागे जा. पॉर्क्युपाइन ट्री या त्याच्याच बँडचं १९९२ चं ‘व्हॉयेज ३४’ ठेका, सिंथ आणि बोललेल्या आवाजाच्या तुकड्यांवरच उभं आहे. तेव्हा त्याला कुणी पॉप म्हटलं नाही.

शब्दांचंही तेच. ‘ऑब्जेक्ट्स आउटलिव्ह अस’मधल्या एका भागाचे शब्द एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिजचे आहेत. रोजच्या जगण्यातल्या बारीकसारीक दुःखांशेजारी त्याने ताऱ्यांच्या उलथापालथी आणून ठेवल्या आहेत. पूर्ण अल्बममधलं माझ्या मते हे सर्वोत्तम लेखन. हा पार्ट्रिज विल्सनसाठी याआधी कुठे लिहून गेला? ‘टू द बोन’च्या शीर्षकगीतात. म्हणजे ज्या अल्बमपासून घसरण सुरू झाली म्हणतात, त्याच्यावरच.

‘द फ्यूचर बाइट्स’ मलाही जागोजागी कोरडा वाटतो, आणि तो न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण तो वगळून ‘द ओव्हरव्ह्यू’पर्यंत पोचता आलं असतं, हे मला मान्य नाही. ‘पर्सनल शॉपर’ आणि ‘द ओव्हरव्ह्यू’ एकामागोमाग लावून ऐका.