सायनसचं ऑपरेशन म्हणे कॅमेरा करतो!

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. कान-नाक-घशाची ऑपरेशनं आता कॅमेऱ्याला जोडलेला कॉम्प्युटर स्वतःच करतो. नेव्हिगेशन असलं की धोका शून्य. मोबाईलने कानाचा फोटो काढला की निदान तयार. तेव्हा ज्यांना ऑपरेशन सांगितलंय त्यांनी ‘मशीन येईपर्यंत’ थांबावं. मी याच विषयाची डॉक्टर. ओपीडीत फोन पुढे करून ‘हे खरं का हो?’ विचारणारे काका-काकू वाढलेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘कॉम्प्युटर स्वतः ऑपरेशन करतो.’ नाही. घशातल्या गाठींसाठी ‘दा व्हिंची’ रोबोटला अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली, पण त्याचे हात हलवतो तो कन्सोलवर (नियंत्रणाच्या टेबलापाशी) बसलेला सर्जनच. मेसेजसोबतच्या व्हिडिओत स्वतःहून टाके घालणारा रोबोट जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा आहे. त्याच्या २०२२ च्या प्रयोगात जोडलं ते डुकराचं आतडं, तेही माणसांच्या देखरेखीखाली. नाकाचा तिथे संबंधच नाही.

‘नेव्हिगेशन असलं की धोका शून्य.’ हा मुद्दा मात्र सविस्तर बघायला हवा, कारण यात अर्धं खरं आहे. नेव्हिगेशन म्हणजे ऑपरेशनमधला जीपीएसच. सायनसच्या ऑपरेशनच्या सुरुवातीला कपाळ, नाकाचा दांडा, डोळ्यांच्या कडा यांवर प्रोब (एक बारीक सळई) फिरवून चेहरा आणि आधी काढलेला सीटी स्कॅन जुळवतात. मग आत नेलेल्या अवजाराचं टोक स्कॅनवर कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. आधी ऑपरेशन झालेल्या, खुणा पुसल्या गेलेल्या नाकात याचा फार उपयोग होतो. पण जुळणी उत्तम झाली तरी एक-दोन मिलिमीटरची चूक राहतेच, आणि जुळणीसाठी कपाळावर बांधलेला पट्टा जरा सरकला की सगळंच चुकतं. इथे बाजूला डोळा, मध्ये कागदाइतकं पातळ हाड, वर मेंदू. वासाच्या नसांचा खळगा कुणात तीन मिलिमीटर खोल, तर कुणात आठच्याही पुढे. शिवाय स्कॅन ऑपरेशनच्या आधीचा: मी पॉलिप (नाकातला मांसल फुगवटा) काढला तरी पडद्यावर तो जागच्या जागी!

संशोधन चाललंय ते नेमकं हीच उणीव भरून काढायला. नाकात घातलेल्या दुर्बिणीच्या व्हिडिओवरूनच खोलीचा अंदाज घ्यायचा, आतला त्रिमितीय आकार उभा करायचा आणि तो स्कॅनशी जुळवत राहायचा. काम सुंदर आहे, पण नाकातलं ओलं अस्तर चकाकतं, रक्त येतं, काचेवर वाफ धरते. भिंग माखलं की आम्ही दुर्बीण बाहेर काढून पुसतो. तेवढा वेळ कॉम्प्युटरही आमच्याइतकाच आंधळा.

आणि जागा कळली म्हणजे निर्णय झाला असं नाही. २०२१ मध्ये एम. वाय. हॉस्पिटलचे वॉर्ड म्युकरच्या (काळ्या बुरशीच्या) रुग्णांनी भरले होते, ते इंदूरकर विसरले नसतील. त्या ऑपरेशनात मेलेला भाग काढत जायचं ते ताजं रक्त दिसेपर्यंत. अवजार कुठे आहे ते नेव्हिगेशन सांगतं. समोरचा भाग जिवंत आहे की मेलेला, ते नाही.

‘मोबाईलने कानाचं निदान.’ तुर्कस्तान, चिली आणि अमेरिकेतले कानाच्या पडद्याचे फोटो वापरून झालेल्या एका अभ्यासात, ज्या ठिकाणच्या फोटोंवर प्रोग्राम शिकला तिथे त्याचा गुण सरासरी ०.९५ होता (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक). दुसरीकडचे फोटो दिल्यावर तो ०.७६ वर आला. आपल्याकडे तर आधी लसणाचं तेल घालतात आणि मग फोटो काढतात. त्यात पडदा दिसणार कुठून?

‘मशीन येईपर्यंत थांबा.’ बाकीचं हसण्यावारी नेता आलं असतं, हे नाही. साध्या पॉलिपला काही महिने औषधांवर थांबता येतं. पण वर्षानुवर्षं वाहणाऱ्या, घाण वासाच्या कानात बऱ्याचदा कोलेस्टिअॅटोमा असतो: कातडीची पिशवी, जी ऐकण्याची हाडं कुरतडत जाते आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत, क्वचित मेंदूपर्यंत पोचते. थेंबांनी वाहणं कमी होतं, पिशवी जात नाही. ती ऑपरेशननेच काढावी लागते. असा कान असणाऱ्याने या महिन्यातच दाखवून घ्यावं, आणि हा मेसेज पुढे पाठवू नये.