‘रॅम नंतर वाढवता येते’ हे सगळ्या लॅपटॉपना लागू नाही

विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम (चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी मेमरी) पुरे, लागलीच तर नंतर वाढवता येते, हे लॅपटॉप खरेदीवरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. सोलापुरात नवी पेठेत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. बारीक, हलक्या मॉडेलचं मागचं झाकण उघडलं की बऱ्याचदा रॅम मदरबोर्डलाच, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डलाच, सोल्डर करून कायमची जोडलेली असते, नवी रॅम बसवायला जादा स्लॉट (खाच) नसतोच. अक्कलकोटहून एसटीने पोरीला घेऊन आलेल्या बापाला ‘काका, यात काही वाढत नाही’ म्हणून सांगताना जीव तुटतो. कर्ज काढून घेतलेली वस्तू असते ती.

विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ती नुसती चालू होण्यापुरती. ८ जीबीतलाही काही वाटा ग्राफिक्सला जातो. वर क्रोमचे दहा-बारा टॅब आणि ऑनलाइन तास सुरू झाला की रॅम भरते, मशीन एसएसडीचा, म्हणजे फायली साठवायच्या, रॅमपेक्षा बऱ्याच हळू डिस्कचा आधार घेतं आणि सगळं अडकायला लागतं. अॅपलनेसुद्धा ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरचं सुरुवातीचं मॉडेल १६ जीबीचं केलं. बाकीच्यांनीही तेच करावं. ८ च द्यायची असेल तर एक स्लॉट मोकळा ठेवावा, आणि रॅम वाढते की नाही ते खोक्यावर मराठीत ठळक छापावं.