‘प्रतिकारशक्ती चांगली असेल तर साथ काय करणार?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

संसर्गजन्य रोग कसे उद्भवतात, कसे पसरतात आणि कसे रोखता येतात यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही भली मोठी प्रतिक्रिया दिलीत. तिला ‘धन्यवाद, विचार करतो’ एवढं म्हणून सोडून देणं बरं दिसलं नसतं. शिवाय तिथे खाली दोघा-तिघांनी ‘अगदी पटलं’ म्हणून तुम्हाला दुजोरा दिलाय, म्हणून हे उत्तर वेगळं आणि जरा ऐसपैस लिहितोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गोवरासारख्या रोगांचे मृत्यू लस येण्याच्या कितीतरी आधीच घटले होते, तेव्हा श्रेय जातं ते स्वच्छतेला आणि सकस आहाराला. जंतू काय, सगळीकडे असतातच. शरीर दुबळं असेल तरच ते रुजतात, म्हणजे ‘बियाण्यापेक्षा जमीन महत्त्वाची’. पेटेनकोफर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञांनी कॉलऱ्याचे जंतू पिऊन हे सिद्ध करून दाखवलं. आणि मी हे सगळं झाकून लसीचं तुणतुणं वाजवतोय.

पेटेनकोफरांपासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात भारी मुद्दा तोच आहे आणि तो अर्ध्यावरच सोडलाय. गोष्ट खरी आहे. ७ ऑक्टोबर १८९२ रोजी, वयाच्या ७३व्या वर्षी, माक्स फॉन पेटेनकोफर यांनी कॉलऱ्याच्या जंतूंनी भरलेलं द्रावण प्यायलं. पोटातल्या आम्लाने जंतू मेले असं कोणी म्हणायला नको म्हणून आधी खायचा सोडाही घेतला. माणूस हिकमती, यात वादच नाही. पुढे काय झालं? काही दिवस जुलाब झाले, जिवावर बेतलं नाही. त्यांचे विद्यार्थी एमेरिख यांनी थोड्याच दिवसांत तोच प्रयोग स्वतःवर केला, त्यांना त्रास जास्त झाला, पण तेही वाचले. तुमची गोष्ट इथे संपते. पण दोघांच्याही विष्ठेत कॉलऱ्याचे जंतू सापडले होते, भरपूर सापडले होते. म्हणजे ‘जमीन’ चांगली असलेला माणूस आडवा पडला नाही, पण जंतू त्याच्या आतड्यात वाढले आणि बाहेरही पडले. त्यांची विष्ठा एखाद्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यात गेली असती तर? कॉलऱ्याची लागण झालेल्या बहुतेकांना एक तर काहीच होत नाही किंवा साधे जुलाब होतात, आणि तरीही ते रोग पुढे पोचवत असतात. प्रतिकारशक्ती तुम्हाला वाचवते. शेजाऱ्याला वाचवेलच असं नाही.

त्याच वर्षी, या प्रयोगाच्या जेमतेम महिना-दीड महिना आधी, जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहरात काय चाललं होतं ते पाहा. ऑगस्ट १८९२मध्ये तिथे कॉलरा फुटला आणि काही आठवड्यांत सुमारे ८,६०० माणसं गेली. हाम्बुर्गला खेटूनच आल्टोना नावाचं शहर होतं. इतकं खेटून की कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते परक्या माणसाला कळू नये. हवा एक, माती एक, दोन्हीकडे कष्टकऱ्यांच्या दाट वस्त्या. दोन्ही शहरं एल्बे नदीचंच पाणी प्यायची. हाम्बुर्ग ते शहराच्या वरच्या बाजूने उचलायचं आणि न गाळता तसंच घरोघर सोडायचं. आल्टोना बिचारं खालच्या अंगाला, म्हणजे हाम्बुर्गची सगळी घाण ज्यात मिसळली असेल तेच पाणी त्याच्या वाट्याला. पण आल्टोना ते वाळूच्या थरांमधून सावकाश गाळून घ्यायचं. साथ दोन शहरांच्या हद्दीवर येऊन थबकली. एकाच रस्त्याच्या एका बाजूला रुग्ण, समोरच्या बाजूला नाहीत! जर्मन जंतुशास्त्रज्ञ रोबर्ट कॉख यांनी तर हाम्बुर्गच्या हद्दीतला घरांचा एक असा गट नोंदवून ठेवलाय ज्याला काही कारणाने आल्टोनाच्या नळाचं पाणी मिळत होतं. आजूबाजूला कॉलरा असताना तिथे एकही रुग्ण नव्हता.

आता मला सांगा, रस्त्याच्या त्या बाजूच्या लोकांची प्रतिकारशक्ती जास्त होती का? फरक एकच होता. जंतूला एका माणसाच्या आतड्यातून दुसऱ्याच्या तोंडात जायला जी वाट लागते, ती एका बाजूला खुली होती आणि दुसऱ्या बाजूला वाळूने अडवलेली होती.

मला एवढंच म्हणायचंय. कुठल्याही साथीत पहिला प्रश्न ‘शरीर किती मजबूत?’ हा नसतो आणि ‘लस आहे का?’ हाही नसतो. जंतू या माणसापासून त्या माणसापर्यंत कोणत्या वाटेने जातो, हा असतो. वाट पाण्याची असेल तर पाणी गाळा, उकळा, क्लोरीन टाका. डासाची असेल तर डासाच्या मागे लागा. स्वच्छतेचे मोठे विजय याच वाटांवरचे आहेत, ते मी कशाला नाकारू? नारूचंच घ्या. एक मीटरपर्यंत लांब कृमी वर्षभराने पायाच्या कातडीतून बाहेर यायला लागतो, आग थांबावी म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमका त्याच क्षणी कृमी हजारो अळ्या त्या पाण्यात सोडतो. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव त्या खातात, माणूस ते पाणी पितो, चक्र पुरं. नारूवर लस नाही, बरं करणारं औषधही नाही. तरी १९८६ साली जगात अंदाजे ३५ लाख रुग्ण होते, ते आता वर्षाला दोन आकड्यांत, पंधराच्या आसपास आले आहेत. कशाने? फडक्याने पाणी गाळून आणि नारू झालेल्या माणसाला पाणवठ्यात उतरू न देऊन. लसीचं तुणतुणं वाजवणाऱ्याने हे उदाहरण दिलं नसतं, नाही का?

पण गोवर पाण्यातून जात नाही, हवेतून जातो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तिथल्या हवेत टिकू शकतो. ज्याला आधी गोवर झालेला नाही आणि लसही मिळालेली नाही अशा दहा जणांचा जवळून संपर्क आला तर नऊ जणांना तो होतो. हात धुवून, गटारं बांधून ही वाट बंद होत नाही. गोवर घटल्याचा तुम्ही दिलेला आलेख खोटा नाही, पण तो मृत्यूंचा आहे. अमेरिकेत १९६३ साली लस आली तोवर गोवराचे मृत्यू विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मानाने ९५ टक्क्यांहून जास्त घटले होते, हे बरोबर. पोषण सुधारलं होतं, गोवरानंतर होणाऱ्या न्यूमोनियावर प्रतिजैविकं आली होती, इस्पितळं सुधारली होती. पण लागण? ती जशीच्या तशी होती. पंधरा वर्षांचं होईपर्यंत जवळपास प्रत्येक मुलाला गोवर होऊन जायचा. नोंद व्हायची ती वर्षाला सुमारे ५ लाखांची आणि प्रत्यक्षात होत असावेत त्याच्या कितीतरी पट. एवढ्या सुधारलेल्या, खात्यापित्या देशात दर वर्षी ४०० ते ५०० जण दगावायचे आणि हजाराच्या आसपास रुग्णांच्या मेंदूला सूज यायची. १९६८ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या २२ हजारांवर आली होती. त्या पाच वर्षांत काही अमेरिकी मुलांचा आहार वीसपट सुधारला नव्हता.

मृत्यू किती आणि लागण किती हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्यावर आहाराचा, शुश्रूषेचा, औषधांचा मोठा परिणाम होतो, आणि तिथे तुमचं म्हणणं मला मान्यच आहे. दुसरा हिशेब वाटेचा.

‘जमीन’ या कल्पनेची खरी परीक्षा मात्र पोलिओ घेतो. हा रोग हजारो वर्षांपासून असावा, पण पोलिओच्या मोठमोठ्या साथी सुरू झाल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आणि त्याही युरोप-अमेरिकेत, म्हणजे जिथे सांडपाण्याची आणि नळाच्या पाण्याची व्यवस्था आधी झाली तिथे. कारण ऐकून विचित्र वाटेल. पोलिओचा विषाणू विष्ठेतून तोंडावाटे जातो. पूर्वी तो इतका सर्वत्र होता की बाळाला पहिल्या काही महिन्यांतच त्याची लागण व्हायची. आईकडून आलेली प्रतिपिंडं (जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं) तेव्हा अंगात असायची, त्यामुळे बहुतेक बाळं लुळी न पडता आयुष्यभरासाठी सुरक्षित व्हायची. स्वच्छता वाढली तशी ही पहिली गाठभेट लांबली. आता विषाणू भेटायचा तो चार-पाच वर्षांच्या, पुढे दहा वर्षांच्या मुलाला. आईचं संरक्षण केव्हाच संपलेलं, आणि या वयात लकवा होण्याचा धोकाही जास्त. १९१६च्या न्यूयॉर्कमधल्या साथीत सुमारे ९ हजार रुग्ण झाले आणि लागणीचं प्रमाण शहराच्या गजबजलेल्या मॅनहॅटन भागापेक्षा मोकळ्याढाकळ्या स्टेटन आयलंड भागात जास्त होतं. तेव्हाच्या अधिकाऱ्यांना याचा काही उलगडा होईना. ते बापडे रस्ते धुवत राहिले. १९५२ साली अमेरिकेत सुमारे ५८ हजार रुग्ण झाले आणि त्यातल्या २१ हजारांना लकवा. गुबगुबीत, दूध-अंडी खाणारी मुलं होती ती. १९५५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ जोनास साल्क यांची पोलिओची लस आली आणि मग आकडे कोसळले.

म्हणून काय स्वच्छता वाईट? अजिबात नाही, तिने कॉलरा आणि विषमज्वराला वेसण घातली. पण एकाच उपायाला सगळ्या रोगांच्या गळ्यात बांधलं की असं होतं.

आणि हे फक्त स्वच्छतेला लागू नाही, लसीलाही लागू आहे. मलेशियात १९९८ साली डुकरं पाळणाऱ्या लोकांत मेंदूज्वराची साथ आली. जपानी मेंदूज्वर असेल असं धरून डास मारायला फवारणी झाली, त्याची लसही टोचली गेली. साथ हटेना. कशी हटणार? तो निपाह विषाणू होता, तोवर कुणाला ठाऊक नसलेला. डुकरांच्या वाड्यांना लागून फळझाडं होती, झाडांवर मोठी फळवटवाघळं यायची, त्यांच्या तोंडची उष्टी फळं खाली डुकरांत पडायची, आणि डुकरांकडून तो माणसांत. डासाचा काही संबंधच नव्हता. दहा लाखांच्या आसपास डुकरं मारल्यावर साथ थांबली, तोवर शंभरावर माणसं गेली होती. ‘हे नवे रोग अचानक येतात कुठून?’ असं तुम्ही जरा संशयाने विचारलंय, त्याचं एक उत्तर यात आहे. माणूस, पाळीव जनावर आणि रानटी प्राणी जिथे पूर्वी एकत्र येत नव्हते तिथे आणले की विषाणूला नवी वाट मिळते.

२००३ची सार्स या श्वसनरोगाची साथ मात्र लसीशिवाय संपली. ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू, आणि मग खलास. रुग्ण चांगला आजारी पडल्यावरच त्याच्याकडून जास्त लागण व्हायची, त्यामुळे आजारी माणूस शोधा आणि वेगळा ठेवा एवढं पुरलं. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या आधीच माणूस विषाणू वाटत फिरायचा, तिथे तीच युक्ती तोकडी पडली.

राहिला तुमचा ‘एकदा रोग होऊन गेला की नैसर्गिक प्रतिकारशक्ती मिळते, ती लसीपेक्षा बरी’ हा मुद्दा. गोवराच्या बाबतीत ती टिकाऊ असते हे खरंच आहे, आणि त्याचा सुरेख पुरावा १८४६चा आहे. उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या फॅरो बेटांवर त्या वर्षी गोवर आला तेव्हा लोकसंख्या होती ७,८०० च्या आतबाहेर आणि त्यातल्या सुमारे ६ हजारांना तो झाला. पानुम नावाचा पंचविशीचा डॅनिश डॉक्टर बेटं पालथी घालून तारखा टिपत होता. एका गावचे दहा जण ४ जूनला देवमाशांच्या शिकारीला गेले, तिथे त्यांचा गोवराशी संबंध आला आणि १८ जूनला दहाच्या दहा जणांच्या अंगावर पुरळ. असे दाखले जमवून त्याने लागण आणि पुरळ यांच्यातलं १३-१४ दिवसांचं अंतर पक्कं केलं. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ साली येऊन गेला होता. तेव्हा ज्यांना झाला होता त्या म्हाताऱ्यांपैकी कुणालाही पासष्ट वर्षांनी तो पुन्हा झाला नाही. पण तेव्हा निसटलेले म्हातारे या खेपेला सापडले. मधली साठ-पासष्ट वर्षं समुद्राची स्वच्छ हवा आणि अंगमेहनत मिळूनही त्यांची ‘जमीन’ विषाणूला नवीच होती. गोवराची आठवण शरीराला गोवरातूनच मिळते, नाहीतर लसीतून. यातली पहिली वाट महाग पडते : मेंदूला सूज येण्याचा धोका तर आहेच, शिवाय २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोवर झालेल्या, लस न घेतलेल्या मुलांमध्ये इतर रोगांविरुद्ध आधी तयार झालेली ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झालेली आढळली. म्हणजे एक कमावताना बाकीची गमावायची.

तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे ती क्षयरोगात, आणि गंमत म्हणजे त्याचा तुम्ही उल्लेखही केला नाहीत. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या अंगात क्षयाचे जंतू निजलेले असतात आणि त्यांपैकी ५ ते १० टक्क्यांनाच पुढे आयुष्यात कधीतरी रोग होतो. कुणाला व्हायचा हे ठरण्यात कुपोषणाचा मोठा हात. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ नावाच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली आले : क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना जादा पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. साधा शिधा! पुढचा लेख त्यावरच लिहायला घेतलाय. तिथे आपलं जमेल असं वाटतं, पण तुमचा काही नेम नाही.