भरती ४.७ मीटर म्हणजे कितव्या पायरीपर्यंत?

पोस्ट मोठी आहे. समुद्रकाठच्या शहरात राहणाऱ्यांनी, त्यातही तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, वेळ काढून वाचावी ही विनंती.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी फोनवर पालिकेची सूचना आली. "आज दुपारी १ वाजून २० मिनिटांनी ४.७ मीटर उंचीची भरती. सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे." मी जिना उतरत होते. तळमजल्यावरच्या काकू फोन हातात धरून दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, हे चार पूर्णांक सात म्हणजे आपल्या कितव्या पायरीपर्यंत गं?"

मला सांगता आलं नाही. बारा वर्षं त्याच इमारतीत राहत होते, खिडकीतून समुद्र दिसतो, तरी सांगता आलं नाही. प्रभाग कार्यालयात फोन लावला. पलीकडचा माणूस नीट बोलला, पण म्हणाला, "मॅडम, आम्हाला वरून आली तशी आम्ही पुढे पाठवली." काकूंनी अंदाजाने गादी पलंगावर गुंडाळून ठेवली, चपला उचलल्या. दुपारी दोनच्या सुमारास पाणी दुसऱ्या पायरीवर आलं आणि उंबऱ्यावरून आत गेलं. कपाटाचा सर्वांत खालचा खण भिजला. त्यात काकांच्या निवृत्तिवेतनाची सगळी कागदपत्रं होती. पुढचे दोन दिवस आमच्या गच्चीवर ते कागद एकेक करून वाळत होते, वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक खडा. शाई पसरलेल्या त्या सह्या आणि शिक्के अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

सूचना वेळेवर आली होती आणि आकडाही बरोबर होता. तरी काकूंना तिचा काडीचा उपयोग झाला नाही. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले आहे.

आधी त्या आकड्याबद्दल. ४.७ मीटर हा आकडा रस्त्यापासून मोजलेला नसतो. तो मोजतात समुद्राच्या नकाशावरच्या आधारपातळीपासून, म्हणजे मोठ्या ओहोटीचं पाणी जिथवर खाली जातं साधारण तिथून. जहाज चालवणाऱ्याला तो उपयोगी, कारण तळाशी किती पाणी आहे हे त्याला हवं असतं. माझी गल्ली त्या पातळीपासून किती उंचावर आहे हे ठाऊक नसेल, तर माझ्यासाठी ४.७ काय आणि ३.७ काय, सारखंच. बरं, गल्लीची उंची पालिकेला माहीत असते. गटारं बांधताना, रस्ता करताना मोजणी झालेलीच असते. फक्त ती मोजणी एका खात्याच्या फायलीत आणि भरतीचं वेळापत्रक दुसऱ्या खात्याच्या.

दुसरी गोष्ट. भरतीचं जे वेळापत्रक वर्षभर आधी छापून येतं, ते चंद्र-सूर्याच्या हिशोबावर बेतलेलं असतं. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. हे गणित पक्कं आहे. पण त्या गणिताला वादळ ठाऊक नसतं. हवेचा दाब एका मिलिबारने उतरला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटीमीटर चढते. त्यात किनाऱ्याकडे वारा असेल तर तो पाणी आणखी लोटतो. म्हणून छापलेला आकडा आणि त्या दिवशी धक्क्याला प्रत्यक्ष लागलेलं पाणी यांत फरक पडतो. सूचनेत मात्र एकच आकडा येतो. तो वेळापत्रकातला आहे की आज सकाळी मोजून सुधारलेला, हे कुणी लिहीत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. पावसाचं पाणी गटारातून उताराने समुद्रात जातं. भरतीचं पाणी गटाराच्या तोंडापेक्षा वर चढलं की समुद्र उलटा आत शिरू पाहतो, म्हणून झडपा बंद करतात. त्या वेळात शहरात पडलेला प्रत्येक थेंब शहरातच राहतो, पंप उपसतील तेवढाच बाहेर जातो. जो पाऊस ओहोटीला तासाभरात वाहून गेला असता, तोच भरतीला घरात येतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दुपारी भरती होती. एवढा पाऊस कुठल्याही गटाराला पेलला नसता हे खरं, पण भरतीने त्याची वाटही अडवली. असं असताना पावसाचा इशारा वेगळा आणि भरतीचा वेगळा का यावा? दोन्ही एका ओळीत लिहिता येतात. "दुपारी १२ ते ३ झडपा बंद राहतील, या वेळात जोराचा पाऊस झाल्यास अमुक गल्ल्यांत गुडघाभर पाणी येईल." एवढं एक वाक्य त्या दिवशी आलं असतं, तर काकूंनी खालचा खण रिकामा केला असता.

हे होऊ शकतं. व्हेनिसमध्ये भरतीचा अंदाज आणि इशारा देणारं केंद्र खुद्द नगरपालिकेचं आहे. तिथे वर्षानुवर्षं शहरभर भोंगे वाजत आले. भोंग्यामागून येणारा एक सूर म्हणजे ११० सेंटीमीटर, दोन सूर म्हणजे १२०, तीन म्हणजे १३०, आणि चार सूर म्हणजे १४० किंवा त्याहून जास्त. अंथरुणात पडल्या पडल्या माणूस सूर मोजतो आणि दुकानातला माल कुठल्या फळीवर चढवायचा ते ठरवतो. कोणत्या पातळीला शहराचा किती टक्के भाग पाण्याखाली जातो याचा तक्ताही पालिका देते. त्या शहराने ४ नोव्हेंबर १९६६ ला १९४ सेंटीमीटर पाणी पाहिलं आहे आणि १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७. ऑक्टोबर २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उचलती दारं लागली, तो भाग वेगळा. मला तिथली ती सुरांची भाषा मोलाची वाटते. आकडा कुठून मोजला हे तिथल्या शाळकरी मुलालाही विचारावं लागत नाही.

हाँगकाँगमध्ये पावसाचे तीन रंग आहेत. तासाला ३० मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाला पिवळसर, ५० च्या वर लाल, ७० च्या वर काळा. वादळाचा आठ क्रमांकाचा बावटा लागला की शाळा बंद, कचेऱ्या बंद, लोक घरी. बावटा आणि करायची कृती यांची तिथे गाठ मारलेली आहे. "सतर्क राहावे" या दोन शब्दांत अशी कुठलीच कृती नाही. सतर्क राहून काकूंनी काय करायचं होतं?

त्या प्रसंगानंतर मी एक वही घातली. जिन्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने प्रत्येक पायरीच्या पातळीला रेघ मारली, पहिल्या पायरीपासून चौथीपर्यंत. उधाणाच्या दिवशी वहीत चार गोष्टी लिहायच्या: छापील भरती किती, पाऊस होता का, वारा कुठून, पाणी कुठल्या रेघेला. घरी नसेन तेव्हा काकू लिहून ठेवतात. तीन पावसाळ्यांत आमच्या गल्लीचा स्वभाव कळला. पाऊस नसेल तर ४.५ पर्यंत गल्ली कोरडी. त्यापुढे नाक्यावरच्या गटाराची जाळी आधी बुडबुडते, मग काळं पाणी वर येतं, आणि त्यानंतर साधारण वीस मिनिटांत पहिली पायरी. जोराचा पाऊस असेल तर ४.३ लाही पहिली पायरी जाते. दोनदा छापील आकडा ३.९ होता, पण बाहेर समुद्रात वादळ होतं, आणि पाणी आलं. त्या दोन्ही दिवशी पालिकेकडून एक शब्दही आला नाही, कारण ३.९ हा आकडा त्यांच्या यादीत बसत नव्हता.

एका घरातल्या वहीला जे तीन वर्षांत कळलं, ते पालिकेला प्रत्येक गल्लीसाठी करता येईल. विजेच्या खांबांवर रेघा मारायला काय लागतं?

आकडा चुकीच्या पद्धतीने पोहोचला तर काय होतं, याचं सर्वांत दुःखद उदाहरण जपानचं आहे. ११ मार्च २०११ ला भूकंप झाला आणि तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. इतका वेग आजही फार कमी देशांना जमतो. पण त्या पहिल्या इशाऱ्यात इवाते आणि फुकुशिमाच्या किनाऱ्यासाठी ३ मीटरचा अंदाज होता. आपला बांध याहून उंच आहे, असं वाटून काही लोक थांबले. सुमारे २५ मिनिटांनी अंदाज वाढवला, तोवर अनेक ठिकाणी वीज गेली होती आणि सुधारित इशारा लोकांपर्यंत पोहोचलाच नाही. त्यांनी त्यातून धडा घेतला. २०१३ पासून फार मोठा भूकंप झाला की पहिल्या इशाऱ्यात मीटरचा आकडाच देत नाहीत, "अजस्र लाट" असा शब्द वापरतात. घाईत काढलेला आकडा माणसाला खोटा धीर देतो, हे त्यांनी मान्य केलं आणि नियम बदलला.

त्याच देशातली आणखी एक गोष्ट मला फार भावते. तिथल्या बहुतेक गावांत संध्याकाळी नगरपालिकेच्या ध्वनिक्षेपकांवर एक छोटी धून वाजते. मुलांना ती घरी परतायची खूण वाटते. खरं तर ती यंत्रणेची रोजची तपासणी असते. धून ऐकू आली नाही तर त्या कोपऱ्यातला कर्णा बिघडला हे त्याच दिवशी कळतं. आमच्या शहरात समुद्राजवळच्या खांबांवर कर्णे आहेत. ते शेवटचे कधी वाजले हे मला आसपास कुणीही सांगू शकलं नाही.

चूक दुरुस्त करण्याबद्दलही बोलायला हवं. १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा लोकांच्या फोनवर गेला. तो खोटा असल्याचा संदेश त्याच मार्गाने जायला ३८ मिनिटं लागली. ३८ मिनिटं लोक मुलांना पोटाशी धरून बसले होते. आपल्याकडचे प्रसंग एवढे भयंकर नसतात, पण वळण तेच. "पाणी उकळून प्यावे" अशी सूचना येते, आता उकळायची गरज नाही हे कुणी कळवत नाही. पंधरा दिवसांनी लोक आपल्या मनानेच उकळणं बंद करतात. पुढच्या वेळी सूचना आली की पहिल्या दिवसापासूनच उकळत नाहीत. इथे पालिका स्वतःच आपल्या शब्दाची किंमत घालवते.

याउलट केपटाउन बघा. २०१८ मध्ये तिथली धरणं आटत आली तेव्हा नळ बंद करण्याची तारीख नगर प्रशासनाने उघडपणे सांगितली. १ फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला ५० लिटर ही मर्यादा घातली. धरणांची पातळी नियमित जाहीर होत राहिली. लोकांनी वापर कमी केला तशी ती तारीख एप्रिलवरून मे, जून, जुलै अशी सरकत गेली, आणि शेवटी तो दिवस आलाच नाही. तारीख बदलली की का बदलली तेही सांगत होते. तिथेही भांडणं झाली, गरीब वस्त्यांना आधीपासूनच नळावर रांग लावावी लागत होती हा आक्षेपही रास्त होता. पण शहराकडे किती पाणी उरलंय हे रस्त्यावरच्या माणसाला माहीत होतं.

मी पालिकेतल्या माणसांना शिव्या द्यायला ही पोस्ट लिहीत नाही. कार्यालयात अनेकदा जाऊन आले, तिथली ओढाताण पाहिली आहे. उधाणाच्या दिवशी पंपावर रात्रभर उभे राहणारे कामगार मी पाहिले आहेत. एका अभियंत्याने मला मनापासून सांगितलं, "ताई, गल्लीचं नाव घालून सूचना दिली आणि पाणी आलं नाही, तर आम्हाला जाब विचारतात. नाव न घालता दिली तर कुणी विचारत नाही." हे दुखणं आपणही ओळखायला हवं. सूचना खरी ठरली नाही म्हणून खिल्ली उडवणाऱ्यांत आपणच असतो. मी पण एकदा अशी खिल्ली पुढे पाठवली होती. आता पाठवत नाही.

पण किनाऱ्याच्या भिंतीच्या कामाची हरकतींची नोटीस कार्यालयाच्या आतल्या फलकावर लावून मुदत संपवणं, ही अडचण म्हणता येत नाही. आम्हाला ते यंत्रं आल्यावर कळलं. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.

आता कामाचं. वहीची प्रत, रेघांचे फोटो आणि तीन पावसाळ्यांचा तक्ता घेऊन मी पुढच्या आठवड्यात पुन्हा प्रभाग कार्यालयात जाणार आहे. मागणी एवढीच, की पुढच्या उधाणाच्या आधी आमच्या प्रभागातल्या दहा खांबांवर रेघा माराव्यात आणि सूचनेत मीटरच्या आकड्याबरोबर रेघेचा क्रमांक लिहावा. एका गल्लीची नोंद घेऊन गेले तर "तुमच्या इमारतीपुरतं आहे" म्हणतील. म्हणून ज्यांच्या दारात कधी भरतीचं पाणी आलंय, त्यांनी खाली कमेंटमध्ये तारीख, वेळ आणि पाणी कुठवर आलं ते लिहा. जुना फोटो असेल तर तोही टाका. पायरी, दाराची चौकट, स्कूटरचं चाक, काहीही चालेल, फक्त उंची कळली पाहिजे. ज्यांना टाइप करायचा कंटाळा येतो त्यांनी आवाजात पाठवा, मी उतरवून घेईन. काकूंनी त्यांच्या नोंदी आधीच दिल्या आहेत, सगळ्या तारीखवार.