‘सोप्पं आहे ओ’ म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार

युकुलेले, म्हणजे ते गिटारसारखं दिसणारं छोटं चार तारांचं वाद्य, सोपं असतं असं पहिल्यांदा कोण म्हणालं? त्याचा पत्ता द्या मला. माझ्या चपलेचा नंबर दहा आहे आणि चप्पल कोल्हापुरी आहे, एवढंच सांगून ठेवतो.

लेकीनं वाढदिवसाला हट्ट धरला म्हणून ते आणलं. तिनं तीन दिवस वाजवलं, चौथ्या दिवशी कपाटावर ठेवलं. म्हटलं, पैसे टाकलेत तर आपणच शिकू. दुकानदार म्हणालाच होता, “चार तारा, चार कॉर्ड, संपला विषय.” कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा जुडगा. दोन महिने झाले. विषय संपला नाही भावा, विषय हार्ड झालाय.

गाणं म्हणाल तर एकच. नाव सांगत नाही, प्रत्येक लग्नात वाजतं, तुम्हालाही वीट आला असेल. सी, जी, ए मायनर, एफ. चार कॉर्ड गोल गोल फिरवायच्या. सी ला एक बोट. ए मायनरला एक बोट. एफला दोन. पहिल्या संध्याकाळी या तीन जमल्या आणि मी लई खूश. बायकोला म्हटलं, गणपतीत आपल्या मंडळापुढं वाजवतो बघ. मग आली ती जी.

तीन बोटांचा त्रिकोण. दोन बोटं दुसऱ्या फ्रेटवर, म्हणजे दांड्यावरच्या पट्ट्यांमधल्या दुसऱ्या घरात, एक तिसऱ्यावर. मी शिरोलीत लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनवर, असतो. दोन शतांश मिलिमीटर इकडचं तिकडं झालं की जॉब रिजेक्ट, आणि माझे जॉब रिजेक्ट होत नाहीत. पण हे? शेवटी चिडून व्हर्नियर लावला. दोन तारांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. माझं बोट सतरा. आता बोला, कुठं बसवू ते? ई तार दाबायला गेलो की शेजारची ए मुकी होते. टुंग, टुंग, ठप्प. दुकानदार म्हणाला होता हा छोटा साइज नवख्यांसाठी बेस्ट. नवख्यांसाठी म्हणजे बालवाडीतल्या.

सी वरून जी वर जायला मला चार सेकंद लागतात. गायक तोवर पुढच्या ओळीत, मी अजून बोटं मोजतोय. आणि व्हिडिओतला तो पोरगा! दहा मिनिटांत गाणं शिका म्हणे. त्यातली चार मिनिटं सबस्क्राइब करा, बेल दाबा. मग हसत हसत, “आता फक्त जी वर यायचं.” फक्त! रंकाळा फक्त पोहून पलीकडं जायचं. त्यात कॅमेरा त्याच्या तोंडावर. तुझं तोंड बघून काय करू लगा, हात दाखव की.

मूळ गाण्याबरोबर वाजवायला गेलो तर सूरच जुळेना. दोन रात्री माझाच कान खराब म्हणून गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी व्हिडिओखाली बारीक अक्षरात दिसलं : कॅपो चौथ्या फ्रेटवर. म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून सूर चढवणारा चिमटा. हे पहिल्या वाक्यात सांगायला जीभ झडली होती?

ट्यूनिंगचं तर बोलूच नका. नायलॉनच्या नव्या तारा ताणतच राहतात. ए तार 440 हर्ट्झवर चढवायची, कडवं संपेतो ती परत खाली. त्यात वरची जी तार उफराटी, खालच्या सी आणि ई पेक्षा उंच बोलते. ती तशीच असते, हे कुणी सांगितलं नव्हतं. तालमीतल्या एका गिटारवाल्या दोस्तानं ती बिघडलीय समजून एक सप्तक उतरवून दिली. तार वडाच्या पारंबीसारखी लोंबायला लागली. वर मलाच म्हणतो, “पीसच खराब आहे, बदलून घे.”

उजव्या हाताची कहाणी वेगळी. खाली, खाली-वर, वर-खाली-वर. हलगी लागली की माझे पाय आपोआप पडतात हो, ताल मला शिकवू नका. पण तोंडानं शब्द आले की हात थांबतो, हात चालला की शब्द जातात.

घरात आईचं वेगळंच. “अरे, त्या डासाला गप कर, मालिका लागलीय.” कामावरचा एक जण तर म्हणाला, देवल क्लबसारखी गाण्याची संस्था 1883 पासून ज्या कोल्हापुरात आहे, अल्लादियाँ खाँसाहेब जिथं दरबारात गायले, तिथं जन्मून तू हे टुणटुण करतोस? काय बोलणार. खाँसाहेबांना जी कॉर्ड लागत नव्हती.

या वाद्याचं पूर्वज 1879 मध्ये मदेराहून आलेल्या पोर्तुगीज लोकांनी हवाईला नेलं म्हणे. तिथल्या भाषेत युकुलेले म्हणजे उड्या मारणारी पिसू. नाव ठेवणाऱ्याला मात्र मानलं. पिसूच आहे ती. बोटाखाली दाबायला जावं तर भलतीकडं उडते, आणि चावते ते वेगळंच. डाव्या हाताची तीन टोकं सोलवटलीत.

काल रात्री पहिल्यांदा जी स्वच्छ वाजली. चारही तारा. इतका चकित झालो की पुढं ए मायनर लावायचीच विसरलो.

आता लिहिताना शेजारीच ठेवलंय. सहज ट्यूनर लावून बघितला. ए तार, 433.

च्यायला.