गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध का नको : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : मांजराची पिल्लं घरोघरी गाईच्या दुधावरच वाढली, पिसवांना डेटॉलचं पाणी पुरतं, आणि ‘गार पडलेल्या पिल्लाला आधी दूध पाजू नका’ असं लिहून मी लोकांना उगाच घाबरवलं आहे. शिवाय रात्री-अपरात्री डॉक्टर आणायचा कुठून?

शेवटून दुसरा मुद्दा आधी घेऊ, कारण जीव तिथे जातो. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं तापमान 35 ते 37 अंश सेल्सियस असतं. त्याला कुडकुडून ऊब तयार करता येत नाही, ती आईच्या कुशीतून मिळते. तापमान 35 च्या खाली घसरलं की आतड्यांची हालचाल मंदावत थांबते. अशा पोटात गेलेलं दूध तसंच साचतं, आंबतं, पोट फुगतं. गिळायची ताकदही नसते, त्यामुळे दूध श्वासनलिकेत उतरतं. मग पिल्लू गेलं की घरचे हळहळतात, ‘दूध पाजलं तरी वाचलं नाही’.

म्हणून आधी ऊब. बाटलीत गरम पाणी भरून ती जाड फडक्यात गुंडाळा, खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे पिल्लाला बाजूला सरकायला जागा राहील. पाणी निवलं की बदला. गार बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते. हे सगळं सावकाश, एक-दोन तासांत होऊ द्या. हेअर ड्रायर किंवा हीटरसमोर धरलं तर कातडीतल्या रक्तवाहिन्या एकदम रुंदावतात, रक्तदाब कोसळतो. दरम्यान ग्लुकोज पावडर कोमट पाण्यात दाट कालवून बोटाने हिरड्यांवर थेंबभर चोळा, दर चार-पाच मिनिटांनी. तोंडात ओतू नका. अंग कोमट लागलं, पिल्लू हालचाल करू लागलं, बोट चोखू लागलं, की मग दूध.

ते दूध गाईचं का नको? मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात. गाईचं दूध पिऊन पोट भरलेलं दिसतं, पण पिल्लू वाढत नाही आणि बहुतेकदा हगवण लागते. त्यात पाणी जातं, आणि शंभर ग्रॅमच्या जिवाकडे पाण्याचा साठा तो किती? तुम्ही म्हणता ती घरची पिल्लं आईला पीत होती, बशीतलं दूध वरचं होतं. हा फरक फार मोठा आहे. आई नसेल तर पिल्लांसाठीची दूध पावडरच आणा. 100 ग्रॅम वजनाला एका वेळी सुमारे 4 मिली, पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी. पिल्लू पालथंच ठेवायचं, बाळासारखं उताणं नाही. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा.

डेटॉल मात्र कृपा करून बंद करा. त्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत, आणि अंगाला लावलेलं मांजर चाटतंच. कुत्र्यांच्या पिसवांच्या औषधातलं परमेथ्रिनही तसंच घातक, त्याने झटके येतात. लहान पिल्लाला कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब आणि बारीक दातांची फणी पुरते. मानेभोवती आधी फेस करा, नाहीतर पिसवा तोंडाकडे पळतात. लगेच पूर्ण कोरडं करा. पिसवा खूप असतील आणि हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर रक्त कमी झालं आहे, तिथे घरचा उपाय पुरत नाही.

डॉक्टर लगेच मिळत नाही, ही तुमची तक्रार रास्त आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना असला तरी रात्री उघडा नसतो. फोनवरचा सल्ला नेमका मिळावा म्हणून चार गोष्टी आधी पाहून ठेवा : तापमान, हिरड्यांचा रंग, लघवीचा रंग (गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय) आणि वजन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी मोजा. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. चोवीस तासांत वजन वाढलं नाही, तर पिल्लू खेळकर दिसत असलं तरी फोन करा.

एका बाबतीत मात्र सकाळची वाट पाहू नका. लस न झालेलं दीड-दोन महिन्यांचं पिल्लू एकाएकी मलूल झालं, उलट्या आणि पातळ जुलाब सुरू झाले, तर तो पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांना होणारा विषाणूचा संसर्गजन्य आजार, असू शकतो, आणि त्यात पिल्लू एका दिवसातही जातं. इतर मांजरांपासून ते तत्काळ वेगळं करा आणि जो दवाखाना उघडा असेल तो गाठा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, नंतर दर तीन-चार आठवड्यांनी, किमान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत.